शिकाऱ्याची कोंबडी

ओदोआर्दो पहाटे पाचला बंदूक घेऊन निघाला
आणि आठ वाजता मी कोंबडी तोडायला घेतली.
यात अविश्वास नाही.
एकोणतीस वर्षांची सवय आहे.

या रश्शाला आमच्याकडे शिकारी पद्धतीचा म्हणतात.
नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही,
पण ठेवणारी बाई असणार
आणि तिचा नवरा
हात हलवत परत आलेला असणार.
ससा सुटला की कोंबडी मरते,
एवढंच गणित.

कोंबडी देल्मीराची. अंडी देईना म्हणून
काल तिनेच मान मुरगळून, पिसं काढून दिली.
वर म्हणाली, म्हातारी आहे, वेळ घेईल.
घेऊ दे. मला कुठे जायचंय?

खाली खोऱ्यात धुकं इतकं
की सेर्कियो नदी नुसती ऐकू येते.
चेस्टनटच्या रानातून मधूनच एक बार.
दर बाराला माझी सुरी थांबते:
हा फोस्कोचा, घाईघाईचा.
हा त्याच्या मेव्हण्याचा, उगाच आभाळात.
आणि हा कोरडा, जरा उशिरा निघालेला,
हा आमचा.

जाड बुडाचं भांडं. त्याचा एक कान गेल्यापासून
ते कललेलंच उचलावं लागतं.
तेल. आधी कातडीची बाजू खाली.
आता हात लावायचा नाही. हे सुनेला कधीच पटत नाही.
चिकटलेलं मांस वेळ झाली की आपण होऊन सुटतं,
ओढलंत तर सालटं भांड्याकडेच राहतं.
मी कोंबडीबद्दल बोलतेय.

मग कांदा, गाजर, सेलरीचा दांडा,
लसूण न सोलता, नुसता तळहाताखाली ठेचून.
दारातल्या झुडपाची रोझमेरी, अजून दवाने ओली.
वाइन ओतली की भांडं मांजरासारखं फिस्कारतं
आणि बुडाला धरून ठेवलेलं सगळं
एकदाचं सोडून देतं.
टोमॅटो ऑगस्टात भरलेले,
बाटलीवर ओदोआर्दोचं अक्षर, तारीख चुकलेली.
मूठभर काळे ऑलिव्ह, बियांसकट.
झाकण. मंद आच. दोन तास तरी.

दोन तासांत काय करायचं? बटण लावायचं होतं.
दोऱ्याची रिळं शोधता शोधता
फडताळात मागे हात गेला,
काडतुसांचा डबा.
गेल्या वर्षी सप्टेंबरात मीच आणून दिलेला.
सील तसंच.

घरात दुसरा डबा नाही. मी पाहिलं.

मागच्या हिवाळ्यात त्याने रानडुकराच्या पिलाची गोष्ट सांगितली होती,
ओढ्यापलीकडे नेम हातभर हुकला म्हणून.
हाताने अंतर दाखवलं होतं.
मी किती हसले होते.
बाहेर पुन्हा बार झाला. कोरडा, उशिरा निघालेला.
मग हा कुणाचा,
ज्याला दोन हिवाळे मी आमचा म्हणत आले?

डबा होता तसा ठेवला, वर रिळं रचली.
गरज नसताना झाकण उघडून पाहिलं.
म्हातारी अजून सैल पडली नव्हती.

बाराच्या पुढे तो आला.
बुटांना चिखल, मिशीत धुकं,
टोपीत पाच मशरूम, त्यांतलं एक किडलेलं.
म्हणाला, थोडक्यात गेला. एवढा ससा होता.
एवढा? मी विचारलं.
त्याने हात जरा जवळ आणले.
एवढा.

मशरूम पुसून मी रश्शात टाकली.
मक्याचा घाटा पाटावर ओतला, वर कोंबडी.
रस्सा आटून दाट झाला होता,
हाड नुसतं धरलं की मांस निसटत होतं.
बंदूक दारामागे उभी होती,
घासूनपुसून लख्ख, नवरीसारखी.
त्याने पावाने ताटातला शेवटचा थेंबही पुसला
आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,
पुढच्या रविवारी बघू.

बघू, मी म्हणाले.
देल्मीराकडे अंडी न देणारी
आणखी एक आहे.